खाली वजन

सावद्याच्या रस्त्यावर, पेट्रोलपंपाच्या अलीकडे
माझा काटा आहे. साठ टनांपर्यंत तोलतो.
आधी खाली गाडी प्लेटवर चढते, आकडा येतो.
मग ती मळ्यात जाते, घडांनी गच्च भरून परतते,
दुसरा आकडा.
दुसऱ्यातून पहिला वजा.
एकोणीस वर्षं एवढाच धंदा.

हिमानी लहान होती तेव्हा
डबा घेऊन यायची आणि प्लेटच्या मधोमध उभी राहायची.
काटा दहा-दहा किलोंनी मोजतो.
चौदा किलोची पोर दहा दाखवायची.
"बाबा, माहे चार किलो कुठी गेले?"
मी म्हणायचो, ट्रकला नाही फरक पडत.
ती म्हणायची, मले पडतो.

आता तिचा आकडा आलाय.
एक्क्याण्णव, मग टिंब, मग
तीन सात दोन आठ चार एक सहा.
टिंबाच्या पुढे सात घरं!
आमच्या फैजपूरच्या सोनाराकडेही
एवढा बारीक काटा नाही.

फॉर्म भरणारा कुंदन म्हणाला, काका, हे मार्क नाहीत.
शंभरातली एक्क्याण्णव पोरं तिच्या खाली आहेत, असं धरा.
खाली.
मी हा शब्द दिवसातून दोनशे वेळा बोलतो
आणि मला वाटायचं मला तो येतो.

परीक्षा जळगावला, दुपारच्या पाळीत,
चव्वेचाळीस अंशांत,
मॉनिटर दोनदा काळा झाला.
सकाळच्यांचा पेपर सोपा होता म्हणे.
ते सगळं समान करून घेतात, कुंदन म्हणाला.
कसं? ते त्याला माहीत नव्हतं.
पुण्याचं जे कॉलेज तिला हवंय
ते गेल्या साली नव्याण्णवला बंद झालं.
बारावीचे मार्क दारात दाखवायचे,
आत गेल्यावर त्यांना कोणी विचारत नाही.

मी काट्याला शिव्या देणार नाही.
मागचं एक चाक प्लेटबाहेर ठेव म्हणणारे
व्यापारी मी पाहिलेत,
आणि काटा नव्हता तेव्हाचे दिवसही:
आमच्या गिरधरची सीट
पिशवीत घालून नेली होती त्याच्या सासऱ्यानं,
वर कोणाचीतरी चिठ्ठी.
काटा निदान गाडी कोणाची ते विचारत नाही.

पण खाली वजन कोणी घेतलं?

पालची रुबीना तडवी, हिमानीच्याच बाकावरची,
अठ्ठ्याहत्तरवर आली.
दिवाळीपासून तिच्या कॉलेजात फिजिक्सला सर नव्हते,
आणि ती शेवटची एसटी चुकली तर
मावशीच्या ओट्यावर झोपायची.
तिला तिच्या रकान्यातून जागा मिळेल,
तर चहाच्या टपरीवर लोक म्हणतात, सूट मिळाली.
सूट नाही भो,
गाडीचं वजन वजा केलं,
तेही नजरेच्या अंदाजानं.

त्यांना हे सुनावून परत आलो
आणि खुर्चीत बसल्यावर सुचलं,
माझ्या पोरीचं खाली वजन किती?
वरची खोली तिची एकटीची.
लाइट गेली की काट्याचा इन्व्हर्टर
मी तिच्या टेबलाखाली नेऊन लावायचो,
गाड्या रांगेत थांबायच्या, ड्रायव्हर हॉर्न द्यायचे.
क्लासची फी, भुसावळच्या खेपा,
पहाटे चारला तिच्या आईनं केलेला चहा.
पावती कशाचीच नाही.
पुण्याच्या पोराचं मोजायला निघालो होतो,
आधी घरचंच मोजता येईना.

रात्री यादी लागली. हिमानी डबा घेऊन आली,
काय झालं ते मी विचारलं नाही,
तिनं सांगितलं नाही.
चपला काढून प्लेटवर गेली
आणि मधोमध उभी राहिली,
तशीच.

पाटीवर लाल पन्नास.

"शेहेचाळीस आहे मी," ती म्हणाली,
"या वेळी चार जास्तीचे दिले तुम्ही."
हसली बहुतेक. उजेड पाठीमागून होता.

तेवढ्यात रावेरकडून एक भरलेली गाडी वळली,
तिचे दिवे भिंतीवरून सरकले,
ती बाजूला झाली.
पाटी शून्यावर यायला
जरा वेळ लागला.